शांता आपटे यांनी प्रभात का सोडली? (आणि आमच्या आजीचा 'कुंकू')

उदगीरची_लेक
नमस्कार मंडळी. आमची आजी तेराव्या वर्षी बिजवराला दिलेली, आजोबा तिच्याहून वीस-बावीस वर्षांनी मोठे. तिनं अख्ख्या जन्मात एकच सिनेमा बघितला, माळेगावच्या यात्रेत, तंबूत, मधी कनात लावून बायका एकीकडं अन् गडीमाणसं एकीकडं, तो होता कुंकू. गाणी तिला आठवायची नाहीत पण त्यातली म्हाताऱ्याला दिलेली पोरगी सावत्र पोराला छडीनं कशी झोडपती ते मात्र भाकरी थापता थापता सांगायची, पिठाचाच हात वर धरून, अन् तेवढ्यात तव्यावरची भाकर करपायची. मला आत्ता कळलं की ती पोरगी म्हणजे नटी शांता आपटे. माझी आत्या म्हणायलीय की 'आता कशाला उद्याची बात' पण हिचंच, खरंय का? अन् एवढं नाव झालेली बाई प्रभात फिल्म कंपनीतून बाहेर कशी पडली? उपोषणाला बसली होती म्हणतात. कुणाला नीट माहीत असंल तर सांगा, मी लई दिवसांपासून शोधायलेय.

जुनी_तबकडी (परभणी)
ताई, आत्याची गल्लत झाली, लई जणांची होती. 'आता कशाला उद्याची बात' हे शांता हुबळीकरांचं, पिक्चर 'माणूस', १९३९. दोघी शांता, दोघी प्रभातच्या, त्यामुळं घोळ होतोच.

आपटेबाई पहिल्यांदा पडद्यावर आल्या १९३२ ला, भालजी पेंढारकरांच्या 'श्यामसुंदर'मध्ये. मग प्रभातचा 'अमृतमंथन' १९३४, 'अमरज्योती' १९३६, 'कुंकू' १९३७, 'गोपाळकृष्ण' १९३८. बघा म्हणजे चार-पाच वर्षांत केवढं काम. उपोषण खरंय, जुलै १९३९, पुण्यात प्रभातच्या फाटकासमोर, वाद होता कॉन्ट्रॅक्टचा. तेव्हा नट-नट्या स्टुडिओच्या पगारी असायच्या, महिन्याला पगार, अन् करार असेपर्यंत बाहेर काम करायचं तर मालकाची परवानगी. पिक्चर दिला नाही तर घरी बसून राहायचं. अशा काळात एवढी मोठी हिरॉईन सरळ गेटवर जाऊन उपाशी बसली, पेपरात गाजलं ते. आज त्याच आवारात फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

अन् पुढच्याच वर्षी, १९४० ला, बाईंनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' नाव वाचून वाटतं पोरींना उपदेश असंल, पण त्यात धंदा कसा चालतो, मालक कोण, राबतं कोण, काम करून करून माणूस किती थकतं हे सगळं लिहिलंय. स्वतः नटीनं धंद्याबद्दल असं लिहिणं त्या काळात जवळजवळ नव्हतंच.

दुधनी_लाईन (उमरगा)
आमच्याकडचं एक सांगतो. शांताबाई मूळच्या दुधनीच्या, अक्कलकोट तालुका, सोलापूर-वाडी रेल्वे लाईनवर. आमच्या भागातली माणसं दुधनीच्या बाजारात तूर घेऊन जातात, मी स्वतः कैक वेळा गेलोय, पण तिथं कुणाच्या तोंडून हे नाव ऐकलं नाही, लई वाईट वाटतं. जिल्हा सोलापूर असला तरी उमरग्याहून जवळच की, आपलीच म्हणा.

स्वरसाधना (अंबाजोगाई)
मी शाळेत संगीत शिकवते. माझ्या मते त्यांचं गाणं ऐकण्यापेक्षा बघायचं असतं. आधीच्या गायक-नट्यांचा हात कमरेवर अन् नजर समोर, नाटकातल्यासारखं उभं राहून गायचं. ह्या बाई गाताना डोळे, मान, बोटं सगळ्यांनी बोलतात, शब्द जिथं ठसतो तिथंच हात हलतो. आता हे सगळ्यांना साधं वाटंल, तेव्हा ते नवीन होतं.

कुंकूमधलं ते इंग्रजी गाणं जरूर बघा, अमेरिकन कवी लाँगफेलोची कविता आहे. जबरदस्तीनं म्हाताऱ्याच्या घरात आणलेली पोरगी, परक्या भाषेत जगण्याच्या लढाईचं गाणं म्हणती. सुरावर किंचितही डगमग नाही. संगीत केशवराव भोळ्यांचं. अन् एक ध्यानात ठेवा, पिक्चरला पार्श्वसंगीतच नाही, घड्याळ, पावलं, दार, घरातलेच आवाज. त्यामुळं ती गायला लागली की अंगावर येतं. ताई, तुमच्या आजीला गाणी आठवली नाहीत ह्याचं मला नवल नाही, तिला त्या घराची शांतता आठवत असंल.

वाचक_बीड
प्रभात सुटली अन् करिअर संपलं असं कुणी म्हणत असंल तर मला ते पटत नाही. १९४१ ला त्यांनी तमिळमध्ये 'सावित्री' केला, स्वतः सावित्री, अन् नारद झाल्या होत्या कर्नाटक संगीतातल्या मोठ्या गायिका एम. एस. सुब्बुलक्ष्मी! मराठी बाई तमिळ शिकून गाणी म्हणती म्हणजे काय तयारी असंल. पुढं 'जमीनदार' १९४२, 'दुहाई' १९४३ त्यात नूरजहाँ पण होती, 'स्वयंसिद्धा' १९४९. प्रभातसारखे विषय परत मिळाले नाहीत, एवढं मात्र खरं, अन् त्याचं दुःख मला पण आहे. १९६४ च्या फेब्रुवारीत गेल्या, वय पन्नाशीच्या आतच. नटी नयना आपटे त्यांच्याच लेक.

उदगीरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. दुधनीचं वाचून तर काटाच आला, आजीचं माहेर तिकडंच, गाडीनं दीड-दोन तासांवर. काल रात्री आत्याला मोबाईलवर कुंकू लावून दिला. तिला आता कमी दिसतं, मोबाईल नाकापाशी धरून बघत होती. छडीचा सीन आला तर म्हणली थांबव, अन् मागं घे. तीनदा बघितला. मग म्हणली, आई हात अस्साच धरायची गं, ही बघ, अस्साच.