पांडा आणि पाइनवरची करवतमाशी

दादा, पांडा कुठं आणि पाइनच्या झाडावरची ती करवतमाशी, म्हणजे गांधीलमाशीच्या नात्यातला तो छोटा कीटक कुठं, तुलनाच होत नाही म्हणालात, पण मला तर दोघांचं जेवणच आधी दिसतं. पांडा म्हणजे अस्वल, आतडं मांसाहारी प्राण्याचं आणि खातो बांबू, मग पचतो जेमतेम पाचवा हिस्सा आणि बिचारा दिवसाचे १०-१४ तास खातच बसतो. बांबू धरायला मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालंय, ते बघाच एकदा.

करवतमाशीची मादी पाइनच्या सुईसारख्या पानाला करवतीसारख्या अवयवानं चीर पाडून त्यात अंडी घालते. अळ्या घोळक्यानं पानं खातात, त्यातली चिकट राळ पचवत नाहीत, घशाजवळच्या पिशव्यांत साठवतात, आणि मुंगी आली की सगळ्या एकदम अंग वर झटकतात नि तोंडातून राळेचा थेंब काढतात! मला विचाराल तर खाण्याचा जास्त हुशारीनं वापर अळीनंच केलाय.

पण मोठ्या प्राण्यापुढं किड्याकडं कुणी बघत नाही, आपल्या सोलापुरातही तेच, नान्नजच्या अभयारण्यात सगळे माळढोक पक्षी दिसतो का ते बघायला येतात, पण तो ज्या नाकतोड्यांवर जगतो त्यांच्याकडं कोण बघतंय? पुढच्या वेळी गवतात जरा वाकून बघा.