मदत हवी आहे: टपाली बुद्धिबळात काळ्याने जिंकायला काय खेळावं?

मंडळी, पूर्वी पोस्टकार्डावर चाली लिहून खेळायचो, आता आयसीसीएफच्या (टपाली बुद्धिबळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) सर्व्हरवर परतलोय. तिथे इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्रॅम) वापरायची मुभा आहे, आमच्या गटात 10 चालींना 50 दिवस मिळतात. पण नायडॉर्फमध्ये (काळ्याच्या सिसिलियन बचावाचा एक प्रकार) बावीस चाली जुन्याच डावांतल्या निघतात, पुढे रात्रभर स्टॉकफिश हे इंजिन चालवलं तरी आकडा तोच, 0.00, म्हणजे डाव समसमान. मागचे नऊच्या नऊ डाव बरोबरीत! सात मोहरी उरली की टेबलबेसवरून (मोजकी मोहरी उरलेल्या स्थितींचे अचूक निकाल साठवलेला संगणकीय संच) निकाल मागता येतो, म्हणजे शेवटी कुणी चुकेल ही आशाही गेली. किंग्ज इंडियन हा काळ्याचा दुसरा बचाव धरावा तर इंजिन पांढऱ्यालाच वरचढ दाखवतं, पण निदान प्यादी अडकून डाव बंद तरी होतो. कुणी अलीकडे खेळलंय का? विशेषतः नवव्या चालीला पांढऱ्याने प्यादं बी4 घरावर ढकललं की काय करता?