शाळेच्या गॅदरिंगचे जुने थ्रीजीपी व्हिडिओ लॅपटॉपवर आवाजासकट कसे चालवायचे?

माणगंगेकाठचा
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट मदत हवीये. आमची दहावीची 2009 ची बॅच, दिवाळीत गावातच गेट टुगेदर ठेवलंय आणि आमच्या पीटीच्या सरांनी त्यांच्या जुन्या मोबाइलमधलं मेमरी कार्ड माझ्या हातात दिलंय. त्यात शेवटच्या गॅदरिंगचे आणि लेझीमच्या प्रॅक्टिसचे मिळून 43 व्हिडिओ आहेत, सगळे थ्रीजीपी. लॅपटॉपवर लावले तर चित्र दिसतं पण आवाजच येत नाही, आणि काही तर उघडतच नाहीत. नाव बदलून एमपीफोर करून बघितलं, काही फरक नाही. एका ऑनलाइन साइटवर टाकून बघितलं तर चित्राच्या मधोमध त्यांचा शिक्का आला. हलगी वाजवणारा आमचा मित्र आता हयात नाहीये, त्याची क्लिप त्याच्या घरच्यांना द्यायचीय, म्हणून आवाज पाहिजेच आहे. कॉम्प्युटरचं मला बेताचंच कळतं, स्टेप बाय स्टेप सांगाल का कुणी?

सुमनताई_मिरज
दादा, सगळ्यात आधी कार्डावरनं सगळं लॅपटॉपवर कॉपी करून घ्या आणि एक कॉपी पेनड्राइव्हवर पण ठेवा, मग बाकीचं. कार्ड लावल्यावर विंडोज फॉरमॅट करायचं का असं विचारतं कधीकधी, तिथे चुकूनही हो म्हणू नका. माझ्या मुलीच्या बारशाचे व्हिडिओ मी असेच घालवलेत. आणि कॉपी झाली की ते कार्ड परत फोनमध्ये घालू नका, तसंच बाजूला ठेवा.

कोडेकवाला
ताईंचं आधी करा, मग पुढचं.

नाव बदलून का झालं नाही ते सांगतो. थ्रीजीपी हा नुसता डबा आहे, आत चित्र एका पद्धतीने भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. त्या काळच्या साध्या फोनमध्ये चित्र बहुतेक एच 263 आणि आवाज एएमआर. एएमआर हा फोनवर बोलण्यासाठी बनवलेला प्रकार, आताच्या बऱ्याच प्लेअरला तो कळत नाही, म्हणून तुमच्याकडे चित्र दिसतं पण आवाज गायब. डब्यावरचं लेबल बदललं तरी आतला माल तोच राहतो.

नुसतं बघायचं असेल तर व्हीएलसी टाका, त्यात आवाजासकट चालेल. पण वाटायचेत म्हणजे कन्व्हर्ट करावेच लागतील. हँडब्रेक घ्या, फुकट आहे आणि शिक्काबिक्का काही नाही. फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा, दुसरीकडच्या सेटअपमध्ये नको ती सॉफ्टवेअर घुसवलेली असतात. उघडलं की अख्खा फोल्डरच द्या. फॉरमॅट एमपीफोर, व्हिडिओ एच 264, क्वालिटीचा आकडा 18 ठेवा (हा आकडा जितका कमी तितकं चित्र चांगलं, आपोआप 22 च्या आसपास असतो), फ्रेमरेट सेम अ‍ॅज सोर्स आणि त्याच्याखाली कॉन्स्टंट, आवाज एएसी. क्रॉपिंग बंद करा नाहीतर अंधारातल्या क्लिपच्या कडा कापतं. मग सगळे क्यूमध्ये टाकून स्टार्ट. एवढ्याशा क्लिप, तासाभरात 43 होतील.

आणि हो, कन्व्हर्ट केलेल्या फाइलला आजची तारीख लागते. जुन्या फाइलवरची तारीख बघून ती नव्या नावातच लिहून टाका, नाहीतर कुठला गॅदरिंगचा दिवस आणि कुठली प्रॅक्टिस ते पुढे कळणार नाही.

अण्णा_जुना_पीसी
आम्ही त्या वेळी क्विकटाइम टाकून बघायचो, मस्त चालायचं. ते टाकून बघा.

कोडेकवाला
अण्णा, तेव्हा चालायचं खरं, पण विंडोजवरच्या क्विकटाइमचा सपोर्ट अ‍ॅपलने 2016 मध्येच बंद केला आणि त्यात सुरक्षेची भोकं तशीच राहिलीत. आता नका सुचवू कुणाला.

माणगंगेकाठचा
झालं! 43 पैकी 40 झाले आणि आवाज आला, काल रात्री दोन वाजेपर्यंत बघत बसलो होतो. आता तीन अडचणी आहेत. काही क्लिप आडव्या पडल्यात, म्हणजे पोरं झोपून लेझीम खेळतायत असं दिसतं. तीन फाइल हँडब्रेक घेतच नाही. आणि लेझीमचा आवाज फार विचित्र येतोय, पाण्यात बुडवल्यासारखा, हलगी मात्र बऱ्यापैकी कळतेय. सेटिंग चुकलंय का माझं?

कोडेकवाला
सेटिंग बरोबर आहे. एएमआरमध्ये आवाज सेकंदाला 8000 वेळाच मोजला जातो, त्यामुळे 4000 हर्ट्झच्या वरचं काहीच त्यात उरत नाही. लेझीमच्या चकत्यांची छनछन बरीचशी त्याच्यावर असते, ती रेकॉर्डच झालेली नाही, आता कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येणार नाही. हलगीचा ठोका खालचा, म्हणून तो वाचला. इक्वलायझर लावून आवाज अजून बिघडवू नका, विशेषतः मित्राची क्लिप आहे तशीच द्या.

आडव्या क्लिपचं सोपं आहे. फोन उभा धरला होता हे त्या फोनने फाइलमध्ये लिहिलंच नाही. हँडब्रेकमध्ये डायमेन्शन्समध्ये रोटेट 90 किंवा 270 करून तेवढ्याच परत काढा, आणि मूळ थ्रीजीपीवरून काढा, एमपीफोरवरून परत एमपीफोर केलं की दर वेळी थोडं चित्र मरतं.

तीन फाइल उघडत नाहीत त्या बहुतेक रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी गेली तेव्हाच्या असतील. फाइलमध्ये कुठे काय आहे याची यादी फोन शेवटी लिहितो, ती राहून गेली की फाइल कुणालाच वाचता येत नाही. अनट्रंक नावाचं फुकट टूल आहे, त्याला त्याच फोनची एक चांगली फाइल नमुना म्हणून द्यायची, त्यावरून ते ही यादी परत बनवायचा प्रयत्न करतं. होईलच असं नाही. कॉपीवर करा.

प्रोजेक्टर_भाऊ
मी लग्नाकार्यात प्रोजेक्टर लावतो म्हणून सांगतो, या क्लिप फुलस्क्रीन लावू नका. 176 गुणिले 144 ची क्लिप असेल तर सगळे मिळून 25,344 ठिपके, आणि फुल एचडीला 20 लाख 73 हजार लागतात. एवढं ताणलं की चेहरे नुसते चौकोन चौकोन दिसतात आणि मागे बसलेल्यांना स्वतःचा चेहरा ओळखू येत नाही, मी हे डोळ्याने बघितलंय. शॉटकट नावाचा फुकट एडिटर आहे, त्यात मागे शाळेचा फोटो जरा अंधुक करून टाका आणि क्लिप मधोमध लहानच ठेवा, बाजूला कोण कोण आहे ती नावं लिहा. लोक नावं वाचून चेहरा शोधतात. हॉलचा लॅपटॉप आदल्या दिवशी बघून या, आणि आवाज प्रोजेक्टरच्या स्पीकरवर नको, हॉलच्या सिस्टिमला जोडायची वायर सोबत ठेवा.

माणगंगेकाठचा
तीनपैकी एक फाइल निघाली! सर स्वतः बोलतायत त्यात, आम्हाला ओळी सरळ करा म्हणून ओरडतायत, जेमतेम 50 सेकंद आहे. बोलणं अगदी स्वच्छ आलंय. बाकी दोन नाही झाल्या, पण तशाच ठेवल्यात मूळ कार्डासोबत. हलगीची क्लिप काहीही न करता पेनड्राइव्हवर टाकली, रविवारी मित्राच्या आईला नेऊन देतो. त्यांच्याकडे फक्त टीव्ही आहे, त्यावर एमपीफोर चालेल ना डायरेक्ट?

कोडेकवाला
यूएसबीचं पोर्ट असलेल्या बहुतेक टीव्हीवर एच 264 आणि एएसी चालतं. तरी तुमचा लॅपटॉप आणि एचडीएमआय वायर बरोबर न्या, तिथे जाऊन अडायला नको.