शब्दचर्चा : 'हुरडा' म्हणजे नेमकं काय? दाणा, कणीस की दिवस?

ओसरी
शेतावर हुरड्याला येणाऱ्या शहरी पाहुण्यांसाठी एक पानभर मजकूर लिहायचा आहे. पहिल्याच ओळीला अडलं. तीन वाक्यं समोर आहेत : 'हुरडा भाजून मिळेल', 'गरम हुरडा वाढला जाईल', 'ज्वारी हुरड्यात आली आहे'. पहिल्यात हुरडा म्हणजे कणीस, दुसऱ्यात चोळून काढलेला दाणा, तिसऱ्यात पिकाची अवस्था. यातला मुख्य अर्थ कोणता धरायचा? लिहायचं कसं, हुरडा की हुर्डा? आणि 'हुरडा पार्टी' टाळायचं असेल तर काय म्हणावं?

मालदांडी
माझ्या मते तिसरा अर्थ मुख्य आहे, आधीचे दोन त्यातून आलेले आहेत. हुरडा ही आधी वेळ आहे, मग पदार्थ. शेतकरी ज्वारीच्या वाढीचे टप्पे ज्या शब्दांत मोजतो ते ओळीने पाहा, म्हणजे हा शब्द कुठे बसतो ते दिसेल.

पीक आधी पोटरीत येतं. कणीस अजून पानाच्या आवरणात असतं आणि खोडाचा वरचा भाग फुगतो. मग ते निसवतं, म्हणजे कणीस बाहेर पडतं. मग फुलोरा. त्यानंतर दाण्यात दूध भरतं, दूध घट्ट होऊन चीक होतो, चीक आळून मऊ गोळा झाला की पीक हुरड्यात आलं. पुढे दाणा टणक होतो आणि तळाशी काळा ठिपका दिसू लागला की पीक पक्व झालं, कापणीला हरकत नाही.

या साखळीत फक्त 'हुरडा' एवढाच शब्द शेताबाहेर पडून ताटात आला, कारण या एकाच टप्प्यावर दाणा माणसाला खाण्याजोगा गोड आणि मऊ असतो. दुधाचा दाणा चोळताना फुटून हाताला चिकटतो. टणक झालेला पिठूळ लागतो, त्यातली साखर तोवर स्टार्चमध्ये बदललेली असते. मधला काळ एका वावरात जेमतेम आठवडाभर मिळतो.

ओळखायची खूण सोपी आहे. दाण्याला नख लावा. पांढरं पाणी उडालं तर थांबा. नख लोण्यात शिरावं तसं शिरलं आणि दूध आलं नाही, तर तोडा. नखाचा नुसता ओरखडा उठला तर दिवस गेले.

यात एक मेख आहे. ज्वारीचं कणीस टोकाकडून खाली फुलत येतं, त्यामुळे टोकाचे दाणे बुडख्याच्या दाण्यांपेक्षा काही दिवस पुढे असतात. नख लावायचं ते कणसाच्या मध्यावर. टोक पाहून तोडलं तर खालचा भाग चिकाचा निघतो, बुडखा पाहून थांबलं तर टोकाकडचे दाणे कडक होतात.

काना-मात्रा
लेखनाचं सांगतो. 'हुरडा' लिहावं. उच्चारात 'र'मधला 'अ' जवळजवळ ऐकू येत नाही, पण म्हणून जोडाक्षर करायची गरज नाही. खुरपं, करडा, मुरडणं हे शब्द आपण तसेच लिहितो. सामान्यरूप हुरड्या- : हुरड्याचा, हुरड्याला, हुरड्यात. शब्द पुल्लिंगी एकवचनी आणि समूहवाचक आहे, जसा भात किंवा चिवडा. 'दोन हुरडे द्या' असं कुणी म्हणत नाही. 'दोन कणसं भाजा' आणि 'मूठभर हुरडा द्या' म्हणतात. यावरून कणीस हा या शब्दाचा खरा अर्थ नाही हेही दिसतं. 'हुरडा भाजणे'मध्ये तो कणसापर्यंत ताणला गेला आहे, आणि तो प्रयोग आता पूर्ण रुळलेला आहे. माहितीपत्रकात बिनधास्त वापरा.

वऱ्हाडवाट
मालदांडींचं म्हणणं पटतं, पण ते सगळं शाळूच्या मुलखातलं आहे. शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. विदर्भात ज्वारी मुख्यतः खरिपाची, म्हणून इकडचा हुरडा दसरा-दिवाळीच्या आसपासचा. सोलापूर-नगरकडे तेव्हा पीक पोटरीतही आलेलं नसतं. हुरड्यासाठी मुद्दाम लावतात त्या ज्वारीला इकडे वानी म्हणतात आणि 'वानीचा हुरडा' हा जोडशब्दच होऊन बसला आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने काढलेला 'पीकेव्ही अश्विनी' हा वाणही हुरड्याचाच. तेव्हा 'हुरडा म्हणजे थंडी' असं पत्रकात सरसकट लिहू नका.

गुजरातीत याच पदार्थाला पोंक म्हणतात. सुरतेचा पोंक प्रसिद्ध आहे, तो शेवेबरोबर खातात. तिथे भाजलेली कणसं कापडात गुंडाळून काठीने झोडतात, हाताने चोळत बसत नाहीत.

सीनाकाठ
सोलापूरच्या पलीकडे कन्नड मुलखात याला सीतनी म्हणतात. त्यात 'सिहि' म्हणजे गोड आणि 'तेने' म्हणजे कणीस. त्यांनी चवीवरून नाव ठेवलं, आपण अवस्थेवरून. एकाच पिकाकडे शेजाऱ्यांनी पाहिलेल्या या दोन नजरा मला फार मोलाच्या वाटतात.

आता भाजण्याच्या शब्दांकडे. पत्रकात 'शेकोटी' लिहू नका. शेकोटी अंग शेकायला असते, तिला जाळ लागतो. हुरड्याला आगटी लागते, तिला जाळ चालत नाही.

आगटीसाठी जमिनीत वीतभर खोल आणि हातभर रुंद खड्डा घ्यायचा. त्यात वाळलेल्या गोवऱ्या रचून पेटवायच्या. पूर्ण जळून धूर थांबला, जाळ बसला आणि निखाऱ्यावर राखेची साय आली, की आगटी तयार. याला अर्धा ते पाऊण तास लागतो आणि घाई होते ती इथेच. जाळ असताना कणीस घातलं तर वरचं तूस जळून काळं होतं, दाणा आत कच्चा राहतो आणि धुराचा कडवटपणा येतो. लाकडापेक्षा गोवरी बरी, कारण तिचा विस्तव मंद आणि एकसारखा राहतो. रॉकेल किंवा प्लास्टिक लावून पेटवलेल्या आगटीत कणीस घालूच नये, तो वास दाण्यात उतरतो.

निखाऱ्यावरच्या त्या गरम राखेला फुफाटा म्हणतात. 'आगीतून फुफाट्यात' ही म्हण वापरताना आपण फुफाटा म्हणजे आणखी मोठी आग असं धरून चालतो. खरं तर त्यात ज्वाळा नसते, फक्त धरून ठेवलेली उष्णता असते. वरून विझल्यासारखा दिसतो म्हणूनच पाय पडला की पोळतो. हुरडा भाजणारा हाच फुफाटा वापरतो.

कणीस देठाला धरून फुफाट्यात खुपसायचं, देठ बाहेर ठेवायचा. दोन-तीन मिनिटांत एकदा फिरवायचं. दाणे तडतडू लागले आणि गोडसर वास सुटला की बाहेर काढून दगडावर आपटायचं, राख झडते. विसरून राहिलं तर दाणा कोरडा पडतो, काही दाण्यांच्या लाह्या होतात.

ओसरी
आपटून झाल्यावर जे करतात ते 'चोळणं' की 'मळणं'? दोन्ही ऐकलं आहे.

सीनाकाठ
हुरड्याला चोळणं. मळणी वाळल्या कणसांची, खळ्यावर, बैलांची किंवा यंत्राची. चोळणं दोन तळव्यांमध्ये किंवा गोणपाटाच्या तुकड्यात. गोणपाट बरं, हात पोळत नाहीत आणि तुसाची खाज येत नाही. कणीस गरम असतानाच चोळायचं. भाजताना दाण्यातल्या ओलीची वाफ होते आणि तूस सैल सुटतं. गार झालं की ते परत घट्ट बसतं. चोळलेलं सुपात घेऊन पाखडायचं, तूस उडून जातं.

खायचाही तो तेव्हाच. गार हुरडा चिवट होतो, कारण शिजून मऊ झालेला स्टार्च थंड होताना पुन्हा आवळतो. म्हणून हुरडा वाढून ठेवत नाहीत. एकजण भाजतो, एकजण चोळतो आणि बाकीचे वाट पाहत बसतात. पत्रकात हे जरूर लिहा, नाहीतर पाहुणे जेवणाच्या पंगतीसारखं एकदम ताट मागतात. एका माणसाला तीन-चार कणसं पुरतात. सोबत शेंगदाण्याची किंवा कारळ्याची चटणी, लसूण-मिरचीचा ठेचा, गूळ, दही. मागून बोरं आणि ऊस.

मालदांडी
वाणाबद्दल एक भर. सगळ्या ज्वारीचा हुरडा सारखा होत नाही. मंगळवेढ्याच्या ज्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं ती मालदांडी (हेच माझं इथलं नाव) भाकरीसाठी उत्तम. हुरडा तिचाही होतो, पण तूस दाण्याला धरून ठेवतं, चोळायला जोर लागतो. गूळभेंडी, सुरती या पारंपरिक जाती हुरड्यासाठीच राखलेल्या आहेत. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे वाण दिले, परभणीच्या विद्यापीठाने 'परभणी वसंत'. हे दाणे चोळताना सहज सुटतात आणि गोडीलाही जास्त असतात.

पेरणी उत्तरा आणि हस्त नक्षत्रांत, म्हणजे साधारण १३ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर. तिथून ९० ते १०० दिवसांनी हुरडा. हस्ताच्या पहिल्या दिवशी, २७ सप्टेंबरला पेरलेलं वावर डिसेंबर संपताना हुरड्यात येतं. महिनाभर हुरडा हवा असेल तर एकदम पेरू नका. एकाच रानाचे चार पट्टे पाडून आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा. कोवळ्या रोपांना खोडमाशी या किडीचा त्रास होतो, त्याची तयारी ठेवा. आणि राखण सगळ्याच पट्ट्यांना लागते. दाण्यात दूध भरलं की पाखरं उतरतात, माणसाच्या आधी त्यांना कळतं.

राखणीसाठी शेतात उभारलेल्या माळ्यावर गोफण घेऊन दिवसभर बसायचं, संध्याकाळी थंडी उतरली की खाली आगटी करायची, आणि शेजारीच नुकतं हुरड्यात आलेलं कणीस. हा पदार्थ राखणीच्या त्या बसण्यातून आलेला आहे असं मला वाटतं. लागणारं सगळं तिथेच असतं आणि उठून जायची सोय नसते.

काना-मात्रा
मग 'पार्टी'चं उत्तर यातच आहे. बोलीत 'हुरडा खायला या' आणि 'हुरड्याला या' असं म्हणतात. या दुसऱ्यातला 'ला' महत्त्वाचा आहे. 'जेवायला या'मध्ये क्रिया आहे. 'हुरड्याला या' हे 'जत्रेला या', 'लग्नाला या' यांच्या रांगेतलं आहे, त्यात प्रसंग आहे. वेगळा शब्द घडवायची गरजच नाही. 'हुरडा पार्टी' मात्र चूक म्हणवत नाही, ती आता मराठीच झाली आहे.

वऱ्हाडवाट
या कुटुंबातले बाकीचे शब्दही पत्रकात घ्या, त्याच दिवसांत ते शेतात असतात. हरभऱ्याच्या शेंगेला घाटा. घाट्यांसकट उपटलेल्या झाडाला कुठे डहाळा, कुठे टहाळ. घाटे फोडून काढलेला हिरवा दाणा तो सोलाणा. डहाळाच जाळावर धरून भाजला की हुळा, मराठवाड्यात हावळा. संस्कृतात तृणाग्नीवर भाजलेल्या अर्धपक्व शेंगधान्याला 'होलक' हा शब्द आहे, हुळा त्याच्या अगदी जवळचा दिसतो. गव्हाच्या भाजतात त्या ओंब्या. संक्रांतीच्या सुगडात घाटे, ओंब्या, बोरं, ऊस जातात ते याच पंधरवड्यात शेतात मिळतात म्हणून.

आणि पाहुणे लातूर-धाराशिवकडे येणार असतील तर येळवस विसरू नका, म्हणजे वेळ अमावास्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, त्यात पूजा, भज्जी (अनेक भाज्यांची एकत्र भाजी) आणि आंबील. लवकर पेरलेला शाळू असेल तर हुरडाही तेव्हा सुरू होतो.

ओसरी
एक शंका राहिली. सोललेला हुरडा पाकिटात, गोठवून, उन्हाळ्यातही मिळतो. तोही हुरडाच म्हणायचा?

मालदांडी
म्हणायचा. दाणा त्याच अवस्थेत धरलेला आहे, नाव त्याला शोभतं. साध्या फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, गोठवला तर काही महिने राहतो. घरी करायचा तर जाड तव्यावर पाण्याचा हबका मारून दोन मिनिटं झाकण ठेवा, मग झाकण काढून तीन-चार मिनिटं परता. तेल नको, दाण्याला तेलकट आवरण बसतं आणि चटणीची चव लागत नाही. परतूनही तो नरम आला नाही तर दाणा हुरड्यात नसून पुढे गेलेला होता, त्याची उसळ किंवा थालीपीठ करावं. राखेचा वास मात्र तव्यावर येत नाही, तेवढं मान्य करायला हवं.

ओसरी
सगळ्यांचे आभार. पत्रकाची सुरुवात अशी केली आहे : 'आमची ज्वारी हुरड्यात येत आहे. हुरड्याला या. दिनांक ५ जानेवारी, सकाळी ११ ते १. आगटीवर भाजलेला गरम हुरडा, चटण्या, गूळ, दही.'

सीनाकाठ
दोन दुरुस्त्या सुचवतो. 'सकाळी ११ ते १' काढा. आगटी व्हायलाच पाऊण तास जातो, आणि दोन तासांत पन्नास माणसांची कणसं एका आगटीवर भाजून होत नाहीत. दहा माणसांमागे एक आगटी धरा आणि वेळ 'सकाळी १० पासून' एवढीच लिहा. कणसं मात्र त्याच सकाळी तोडा. आदल्या दिवशी तोडून ठेवली तर गोडी उतरते.

दुसरं, पाच तारीख आताच छापू नका. यंदा थंडी कशी पडते त्यावर दिवस मागेपुढे होईल, थंडी जास्त असेल तर दाणा उशिरा भरतो. 'जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, नक्की दिवस दोन दिवस आधी कळवू' असं लिहा. आणि तो कळवण्याआधी कणसाच्या मध्यावर नख लावून पाहा.