क्रातकींपेक्षा खेळाडूंचा बाजार बघा

'प्रशिक्षक पेत्र क्रातकींच्या डावपेचांमुळेच मुंबई सिटी २०२४-२५ च्या इंडियन सुपर लीग (आयएसएल) फुटबॉलमध्ये सहाव्या क्रमांकावर घसरली' हे मत मला अर्धंच पटतं. मागून सावकाश पास देत चढाई रचण्याचा हट्ट त्यांनी सोडला नाही, पुढे धार उरली नाही, हे खरंच. पण याच माणसाने ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर ३-१ ने हरवून आयएसएल चषक आणला होता. पद्धत तीच होती, माणसं वेगळी होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात काय झालं ते मात्र या मतात येत नाही. कर्णधार राहुल भेके, अल्बेर्तो नोगेरा आणि होर्हे पेरेरा दियाझ असे तिघेही एकाच क्लबात, बेंगळुरूला गेले. मधल्या फळीतला आपुइया गेला मोहन बागानला. बचाव, मधली फळी, आक्रमण, सगळ्याचा कणाच गेला! मार्च २०२५ मध्ये बाद फेरीत आपल्याला ५-० ने धुतलं ते त्याच बेंगळुरूने, आणि आपुइयाच्या मोहन बागानने त्या हंगामात शील्ड (साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळते ती) आणि चषक (बाद फेरीच्या विजेत्याचा) दोन्ही जिंकले.

२०२० मध्ये लोबेरा प्रशिक्षक म्हणून आले तेव्हा क्लबने उलट केलं होतं. जाहू, फॉल, बूमूस, मंदार राव देसाई हे त्यांच्या गोव्याच्या संघातले, पद्धत मुरलेले खेळाडू सोबत आणले आणि पहिल्याच हंगामात दोन्ही करंडक मिळाले. क्रातकींना जाब जरूर विचारा, पण आपुइयाची जागा कोण भरणार होतं हा प्रश्न आधी व्यवस्थापनाला विचारायला हवा.