प्रतिसाद: ९१ दिवसांनंतर पैसे बंद होतात का?

वर एका दादांनी लिहिलंय की अंबडच्या कारखान्यात प्रेस मशीनमध्ये हात सापडला तरी ईएसआयसी (कामगारांचा सरकारी विमा) ९१ दिवसच पैसे देते. इथे दोन गोष्टींची सरमिसळ झालीय.

९१ दिवसांची मर्यादा साध्या आजारपणाला, म्हणजे टायफॉइड, काविळीसारख्या दुखण्यांना. त्यात पगाराच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस. कामावर झालेल्या अपघाताचं खातंच वेगळं. तिथे सरासरी पगाराच्या ९० टक्के मिळतात आणि दिवसांना मर्यादा नाही. डॉक्टर जोवर 'कामाला अजून फिट नाही' असं सर्टिफिकेट देतात, तोवर. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम सुटलेलं असलं म्हणजे झालं. नोकरी नवी असली, हप्ते कमी भरलेले असले तरी आडकाठी नाही.

कायमचं अपंगत्व राहिलं तर मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवतं. कायद्याच्या तक्त्यात हाताचा अंगठा गेल्यास ३० टक्के धरलेत. म्हणजे त्या ९० टक्क्यांचे ३० टक्के, पगाराच्या साधारण २७ टक्के, आयुष्यभर. पुन्हा कामावर गेलात तरी चालू राहतात. (हे कित्येकांना माहीतच नसतं, एचआरवाल्यांनासुद्धा!)

खरी मेख आहे ती अपघाताच्या रिपोर्टमध्ये. ठेकेदार 'खासगी दवाखान्यात नेतो, खर्च मी करतो' म्हणाला तरी ईएसआयसीकडे रिपोर्ट गेल्याशिवाय गप्प बसू नका. त्यात अपघात कामावर झाल्याची नोंद नसेल तर पुढे प्रकरण आजारपणात ढकललं जातं, आणि मग ९१ दिवस.