व्यावसायिक बॉक्सिंगचे निकाल वहीत नेमके कसे लिहावेत?

अमळनेर_तालीम
राम राम मंडळी. तालमीत आता कुस्तीच्या जोडीला बॉक्सिंगची पोरंही येतात. त्यांच्यासाठी दाराशी फळा आणि कपाटात एक वही ठेवली आहे, किताबी लढती झाल्या की निकाल त्यात चढवायचे. अडचण अशी की एकाच लढतीची ओळ तीन ठिकाणी तीन तऱ्हेने दिसते. वजनगट एकीकडे 'सुपर बँटम', दुसरीकडे 'ज्युनियर फेदर'. कुणी टीकेओ लिहितं, कुणी आरटीडी. तारीखही एक दिवस मागेपुढे. प्रत्येक लढतीचं कमीत कमी काय लिहावं, आणि लिहिलेलं बरोबर आहे हे तपासायचं कसं? आणखी एक: २० एप्रिल २०२४ च्या गार्सिया-हेनी लढतीत जिंकलं कोण लिहू?

भुसावळ_कॉर्नर
दादा, ओळीचा क्रम ठरवून टाका: तारीख, ठिकाण, वजनगट पौंडात, किती फेऱ्यांची लढत, कोणते पट्टे (किताब) पणाला, निकालाचा प्रकार, आणि शेवटी फेरी किंवा तिन्ही जजांचे आकडे. यातलं काही वगळायचंच असेल तर ठिकाण वगळा, पण निकालाचा प्रकार वगळू नका.

केओ (नॉकआउट) म्हणजे दहापर्यंत मोजून संपलं, गडी वेळेत उठला नाही. इनोउए-तापालेस, २६ डिसेंबर २०२३, केओ १०. टीकेओ (टेक्निकल नॉकआउट) म्हणजे रेफरीने थांबवलं. गडी उभा असतानाही थांबवता येतं. क्रॉफर्ड-स्पेन्स, २९ जुलै २०२३, टीकेओ ९. आरटीडी म्हणजे दोन फेऱ्यांमधल्या मिनिटभरात कॉर्नरनेच (गड्याच्या बाजूच्या मंडळींनी) माघार घेतली. डिसेंबर २०१७ मध्ये रिगोंडो लोमाचेंकोसमोर सहावी फेरी पूर्ण करून स्टुलावर बसला तो उठलाच नाही, म्हणून 'आरटीडी ६'. पोरं इथे हमखास 'सातव्या फेरीत हरला' असं लिहितात. सातवी सुरूच झाली नव्हती.

पूर्ण फेऱ्या झाल्या की तिन्ही जज एका बाजूला असतील तर एकमताने निर्णय. दोघे एका बाजूला आणि तिसऱ्याचं कार्ड (गुणपत्रक) बरोबरीचं असेल तर बहुमताचा. दोघे इकडे, तिसरा तिकडे, तर विभागून निर्णय. बहुमताचा आणि विभागून, हे दोन्ही एक समजू नका. बेटेर्बिएव्ह-बिव्होल, १२ ऑक्टोबर २०२४: ११४-११४, ११५-११३, ११६-११२, म्हणून बहुमत. उसिक-फ्युरी पहिली लढत, १८ मे २०२४: ११५-११२ आणि ११४-११३ उसिकला, तिसरं कार्ड ११४-११३ फ्युरीला, म्हणून विभागून.

पांझराकाठ
तपासायचं कसं, ते सांगतो. प्रत्येक कार्डाची बेरीज करायची.

फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९. म्हणजे फेरीमागे १९, आणि १२ फेऱ्यांचे १९ × १२ = २२८. गडी एकदा खाली पडला की ती फेरी साधारण १०-८ होते, बेरजेतला एक गुण जातो. रेफरीने फाउलसाठी गुण कापला तरी एक जातो. आता भुसावळच्या भाऊंनी दिलेले आकडे घ्या. बेटेर्बिएव्ह-बिव्होलची तिन्ही कार्डं २२८, कुणी पडलं नव्हतं. उसिक-फ्युरीची तिन्ही २२७, कारण नवव्या फेरीत फ्युरीला रेफरीने मोजलं होतं. वाइल्डर-फ्युरी, १ डिसेंबर २०१८: ११५-१११ वाइल्डरला, ११४-११२ फ्युरीला, तिसरं ११३-११३. तिन्ही बेरजा २२६, कारण फ्युरी नवव्या आणि बाराव्या फेरीत खाली गेला होता. ती लढत विभागून बरोबरीत सुटली. बरोबरी झाली की पट्टा असतो त्याच्याकडेच राहतो, म्हणून डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेचा पट्टा वाइल्डरकडे राहिला.

गार्सिया-हेनीची कार्डं ११२-११२, ११४-११०, ११५-१०९. तिन्ही बेरजा २२४, म्हणजे चार गुण गेले. हेनी सातव्या, दहाव्या आणि अकराव्या फेरीत पडला, ते तीन. चौथा गार्सियाचा: सातव्याच फेरीत रेफरी सोडवत असताना मारल्याबद्दल कापलेला. हिशेब चोख जुळतो.

बायकांच्या किताबी लढती बहुधा १० फेऱ्यांच्या, फेरी दोन मिनिटांची, म्हणून तिथे पाया १९०. टेलर-सेरानो दुसरी लढत, नोव्हेंबर २०२४, तिन्ही कार्डं ९५-९४, बेरीज १८९. आठव्या फेरीत टेलरचा गुण कापला होता, तो हा एक.

बेरीज चुकली तर एवढ्यावरून आकडा खोटा ठरवू नका. फेरी १०-१० दिली तर एक गुण वाढतो, दोनदा पडला तर १०-७ होते, आणि न पडताही एकतर्फी फेरी १०-८ देता येते. म्हणून कार्डं एकमेकांशी जुळत नसतील तर फेरीवार तक्ता पाहायचा.

गिरणाथडी
वजनाचं मी सांगते. फळ्यावर पौंडच लिहा, किलो पुढे छोट्या अक्षरात. वजनगटाच्या नावांचा घोळ जागतिक किताब देणाऱ्या चार संघटनांमुळे आहे. डब्ल्यूबीए आणि डब्ल्यूबीसी 'सुपर' म्हणतात, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ 'ज्युनियर'. सुपर लावलं की खालच्या गटाचं नाव येतं, ज्युनियर लावलं की वरच्या गटाचं. त्यामुळे १२२ पौंड (५५.३४ किलो) हाच सुपर बँटम आणि हाच ज्युनियर फेदर. १४० (६३.५०) सुपर लाइट किंवा ज्युनियर वेल्टर, १५४ (६९.८५) सुपर वेल्टर किंवा ज्युनियर मिडल. आकडा लिहिला की वादच नाही.

एकूण १७ गट: १०५, १०८, ११२, ११५, ११८, १२२, १२६, १३०, १३५, १४०, १४७, १५४, १६०, १६८, १७५, २००, आणि त्यावर हेवीवेट, त्याला वरची मर्यादा नाही. डब्ल्यूबीसीने २२४ पौंडांचा ब्रिजरवेट वेगळा काढला आहे, तो शेवटी स्वतंत्र लिहा.

पोरांना एक बजावून ठेवा: ऑलिम्पिकचे गट हे नव्हेत. पॅरिसला पुरुषांचे गट ५१, ५७, ६३.५, ७१, ८०, ९२ आणि ९२ च्या वर असे किलोत होते. निशांत देव तिथे ७१ किलोत खेळला. व्यावसायिकमध्ये ७१ किलोचा गटच नाही, त्या माणसाला १५४ किंवा १६० पौंड निवडावे लागतात. शिवाय व्यावसायिकमध्ये वजन आदल्या दिवशी होतं. रिंगमध्ये उतरताना माणूस चांगलाच जड झालेला असतो, म्हणून वहीत लिहिलेलं वजन हे 'काट्यावरचं' असंच समजावं.

अमळनेर_तालीम
बेरजेचं फारच कामाचं आहे, आजच फळ्यावर लिहितो. पण पांझराकाठ भाऊ, हिशेब जुळला तरी गार्सिया-हेनीत विजेता कोण?

भुसावळ_कॉर्नर
कुणीच नाही. 'नो कॉन्टेस्ट' लिहा, म्हणजे निकाल धरलेला नाही. त्या रात्री गार्सियाला बहुमताचा निर्णय मिळाला होता. पुढे उत्तेजक चाचणीत ऑस्टारिन सापडलं, न्यूयॉर्क आयोगाने त्याला वर्षभर बंदी घातली आणि निकाल बदलला. अशा ओळी खोडू नका, शेजारी बदलाची नोंद करा. म्हणूनच उजवीकडे एक रकाना मोकळा ठेवायचा.

आणि पट्ट्याच्या रकान्यात गार्सियासाठी त्या दिवशीही काही नव्हतं. मर्यादा १४०, काट्यावर तो १४३.२ भरला. वजनात न बसणाऱ्याला लढत जिंकूनही पट्टा मिळत नाही. उलट चॅम्पियनच जड भरला तर पट्टा काट्यावरच जातो. मार्च २०१८ मध्ये टोकियोत नेरीचं ११८ पौंडांत असंच झालं: यामानाकाला दुसऱ्या फेरीत हरवलं, तरी डब्ल्यूबीसीचा पट्टा रिकामाच राहिला.

चॅम्पियन रिंगमध्ये आहे म्हणजे किताब पणाला आहे असंही धरू नका. फ्युरी-एन्गानू, २८ ऑक्टोबर २०२३, १० फेऱ्यांची लढत, फ्युरी तेव्हा डब्ल्यूबीसीचा चॅम्पियन, पण पट्टा पणाला नव्हता.

पांझराकाठ
पट्ट्याच्या रकान्यात चारही संघटनांची नावं वेगवेगळी लिहा, नुसतं 'विश्वविजेता' नको. पट्टे रिंगबाहेरही हलतात. उसिकने २०२४ च्या जूनमध्ये आयबीएफचा पट्टा सोडला आणि अंतरिम (तात्पुरता) पट्टा असलेल्या डुबोआला तो पूर्ण मिळाला. मग १९ जुलै २०२५ ला वेम्बलीत उसिकने डुबोआला पाचव्या फेरीत केओ करून तो परत घेतला. ही मधली ओळ नसेल तर पोरं विचारणारच की डुबोआने उसिकला हरवलं कधी.

विभागीय पट्टेही वेगळ्या पानावर ठेवा. विजेंदरने जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून मिळवलेला पट्टा डब्ल्यूबीओ एशिया पॅसिफिकचा, १६८ पौंडांतला. मोलाचा आहे, पण तो जागतिक किताब नव्हे.

गिरणाथडी
तारीख नेहमी लढतीच्या गावची लिहा. लास वेगासची शनिवारची रात्र म्हणजे आपली रविवारची सकाळ. क्रॉफर्ड-कानेलोची तारीख १३ सप्टेंबर २०२५, पण जळगाव-धुळ्यात ती १४ ला सकाळी दिसली. त्याच रविवारी नागोयात इनोउए-अखमादालिएव्ह झाली, तिची तारीख १४ च. आपल्याकडे दोन्ही एकाच दिवशी पाहिल्या म्हणून वहीत एकच तारीख टाकाल तर नंतर कुठल्याही यादीशी पहिली लढत जुळणार नाही. हवं तर तारखेपुढे कंसात 'भारतात रवि. सकाळी' एवढं लिहा.